भिंतीतल्या भोकाचा भाव

आडतीचे शेठ ईरप्पाच्या घरी पहिल्यांदाच चहाला आले, आणि त्याच्या बायकोनं, रत्नम्मानं, त्यांच्या चहात साखरेच्या जागी मीठ घातलं.

मुद्दाम नव्हे. दुपारी दोनचा सुमार होता. बाहेर सोलापूरचं ऊन मी म्हणत होतं, पण तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या जाळाखेरीज उजेडाचा ठिपका नव्हता. फळीवर दोन डबे शेजारी शेजारी होते, दोन्ही एकाच मापाचे. हाताला लागला तो तिनं उघडला. शेठ मोठे सभ्य गृहस्थ. पहिल्या घोटाला त्यांच्या भुवया टोपीपर्यंत चढल्या, पण बशी त्यांनी खाली ठेवली नाही. सगळा चहा प्यायले, मिशा पुसल्या, "वहिनींच्या हाताला वेगळीच चव आहे," म्हणाले आणि छत्री उचलून निघाले. ते वळणाआड गेल्यावर ईरप्पानं आपली बशी तोंडाला लावली आणि घोट तोंडात तसाच धरून तो परसाकडं पळाला.

"अगं, उद्या आडतीत तोंड कसं दाखवू मी?" चूळ भरून तो ओरडला.

रत्नम्माला आधी रडू आलं, मग राग आला. "तोंडाचं ऱ्हाऊ द्या. मला डबं दिसायला नगंत का? ह्या घरात दिवसाढवळ्या तांदूळ निवडायचं तर उंबऱ्यात जाऊन बसावं लागतंय. सतरा वर्सं झाली. मला खिडकी पायजे."

ही एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. ईरप्पा धान्याच्या आडतीत मापाडी होता. पोतं काट्याला लागलं की वजन खड्या आवाजात पुकारायचं, हे त्याचं काम. काटा केसभर हलला तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. घरकामाला मात्र त्यानं जन्मात हात लावला नव्हता. घर त्याच्या वडलांनी बांधलेलं होतं. दगडमातीच्या दीड हात जाडीच्या भिंती, वर मातीचं माळवद, पुढं सोपा, मधे एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि परसू. शेजारचं मल्लव्वाचं घर हुबेहूब तसंच, कारण तिचे सासरे आणि ईरप्पाचे वडील जिवाभावाचे सोबती. दोघांनी एकाच साली, एकाच गवंड्याकडून, मधली भिंत सामाईक ठेवून घरं उठवली. चोरांच्या धास्तीनं दोघांनीही खिडकी म्हणून ठेवली नाही. त्यामुळं एका घरात जेवढा अंधार तेवढाच दुसऱ्या घरात.

वडील, म्हणजे आप्पा, गेल्या साली लिंगैक्य झाले. थोरला भाऊ मडिवाळप्पा अक्कलकोटला दुकान चालवायचा. त्याचं बस्तान तिकडं. घर ईरप्पानं ठेवावं आणि निम्मी किंमत सवडीसवडीनं थोरल्याला द्यावी, असं दोघा भावांत गोडीगुलाबीनं ठरलं होतं. किंमत किती धरायची ते शिवप्पा काका सांगणार होते. शिवप्पा काका म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक, वडलांच्या वेळचे स्नेही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यासाठी, म्हणजे जत्रेसाठी, मडिवाळप्पा सोलापूरला येईल, तेव्हा काकांनी घर बघावं आणि आकडा सांगावा. घाई कुणालाच नव्हती. ईरप्पा तर ते विसरूनही गेला होता.

खारट चहानं त्याला वेगळंच काम लावलं.

"भिंतीला भोक पाडलं तर माळवद टाळक्यात यील," त्यानं बायकोला बजावलं.

"खालनं पाडलं तर यील," रत्नम्मा म्हणाली. तिचं माहेर वैरागचं. "वरनं सुरू करायचं. आदी आडवं लाकूड घालायचं, त्येच्यावर भार घ्यायचा, मग खालचा येकेक दगड काडायचा. आमच्या शेजारी गवंडी ऱ्हायचा. न्हानपणी दुपारभर मी त्येचंच काम बगत बसायची."

पंधरवड्यातून एक दिवस आडत बंद असायची. त्या दिवशी सकाळीच रत्नम्मा हातगाडीवर एक जुनी सागवानी खिडकी घालून घेऊन आली. कुठल्याशा पाडलेल्या बंगल्याची होती. एक झडप बिजागरीतून निखळलेली, गजांना गंज, पण चौकट खणखणीत.

"कुटनं आणलीस?"

"मिळाली," एवढंच ती म्हणाली. मोडक्या झडपेमुळं मातीमोलानं मिळाल्याचा आनंद तिला एकटीलाच चघळायचा होता.

स्वयंपाकघराच्या परसाकडच्या भिंतीवर तिनं कोळशानं चौकोन आखला. ईरप्पानं पहार घातली. पहिला दगड काही केल्या हलेना. घाम फुटला, हाताला फोड आले, आणि मग तो दगड असा काही सुटला, की पाठोपाठ टोपलीभर माती त्याच्या डोक्यावर आली.

"काय पडलं गं?" भिंतीपलीकडून मल्लव्वाचा आवाज आला.

"ह्यांच्या अंगावर भिंत!" रत्नम्मा ओरडली.

"लागलं का?"

"भिंतीला काय न्हाय झालं!"

दोन्ही घरांत हसू उसळलं. मातीनं माखलेला ईरप्पाही हसला. दुपार कलती झाली तेव्हा आडवं लाकूड बसलं होतं, दगड परसात रचले होते आणि चौकट जागेवर उभी होती. उन्हाचा एक लांबरुंद पट्टा खोलीत शिरला आणि चुलीपर्यंत येऊन थांबला. रत्नम्मा त्या उन्हात मटकन बसली. तिनं फळीवरचा एक तांब्या घेतला, फिरवून फिरवून बघितला.

"ह्याच्यावर नाव घातलंय बगा," ती हळूच म्हणाली. "माज्या आईचं. मला कवा दिसलंच न्हाई."

त्या दिवशी जेवताना ईरप्पानं उगीचच दोनदा खिडकीकडं मान वळवून बघितलं.

आता उजेड आला म्हणजे नुसता उजेड येत नाही. काजळीनं काळ्याकुट्ट झालेल्या भिंती दिसू लागल्या. रत्नम्मानं भट्टीवरून चुनकळी आणली, रांजणात भिजवली. घायपाताचं पान ठेचून दोघांनी कुंचले केले आणि डोक्याला फडकं बांधून भिंतींना हात दिला. पुढच्या सोप्याला जरा रंग असावा असं तिच्या मनानं घेतलं. पलीकडच्या गल्लीत एक पद्मसाळी विणकर सूत रंगवायचा. त्याच्याकडचा उरलेला हिरवा रंग तिनं चुन्यात कालवला. संध्याकाळी भिंत पोपटासारखी दिसत होती, सकाळी उठून बघतात तो शिळ्या भाजीसारखी. विणकर स्वतः बघायला आला, तेलुगूत काहीतरी पुटपुटला आणि कपाळाला हात लावून गेला. चुन्यापुढं सुताचा रंग टिकत नाही, हे त्यालाही तेव्हाच कळलं. दोघांनी निमूटपणे त्यावर पांढरे दोन हात दिले, शेवटच्या हातात चिमूटभर नीळ घातली, आणि सोपा असा उजळला की रस्त्यानं जाणारी माणसं दारात थबकू लागली.

भिंती पांढऱ्या झाल्यावर जमीन डोळ्यांत खुपू लागली. उखणलेली, खड्ड्याखड्ड्यांची. मालधक्क्यापाशी फरशीवाल्याच्या आवारात शहाबादी फरशीच्या फुटक्या तुकड्यांचा ढीग पडलेला असायचा. घेऊन जाईल त्याचे तो उपकार मानायचा. आडतीतून येताना ईरप्पा रोज पोत्यात चार तुकडे घालून आणू लागला. आणि इथं त्याला स्वतःचाच शोध लागला. फरशी बसवायची म्हणजे पातळी बघायची, आणि पातळी बघणं हे तर त्याच्या रक्तात होतं. बसवलेल्या तुकड्यावर तो पाण्यानं काठोकाठ भरलेली परात ठेवायचा, गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून पाणी कुणीकडं झुकतं ते बघायचा, आणि मग आडतीतल्यासारखा पुकारायचा, "उजवीकडं येक सूत खाली!" रत्नम्मा मुठीएवढी माती सरकवायची. आकाश-पाताळ एक करून बसवलेले ते वेडेवाकडे तुकडे शेवटी एकमेकांत असे बसले, की जणू मोठ्या फरशीला कुणी मुद्दाम रेषा मारल्या होत्या.

"ह्ये तुमी केलंय?" मल्लव्वानं विचारलं.

"मी," ईरप्पा म्हणाला. आणि जरा वेळानं, "आमी."

मग त्याला थांबवणंच कठीण झालं. दारापुढं मोरीचं पाणी साचायचं, डास व्हायचे. भिंतीतून निघालेले दगड वापरून त्यानं परसापर्यंत नाली काढली. त्या पाण्यावर रत्नम्मानं चार केळी आणि अळू लावलं. माळवदावर खारी पांढरी माती पसरून दोघांनी ती चोपून बसवली, भेगा बुजल्या. दाराला तेल दिलं. कडीचं करकरणं बंद झालं. आडतीत तो पोती मोजता मोजता दुसऱ्या मापाड्यांना चुना किती दिवस भिजवावा ते सांगू लागला. ऐकणारे कंटाळले तरी तो कंटाळत नसे.

मार्गशीर्ष सरत आला आणि एक दिवस चन्नवीर दलाल दारात उभा राहिला. घरं, जागा, गाळे यांचे सौदे जमवणारा हा माणूस सगळ्या पेठेला माहीत होता. तो सोप्यात आला, फरशीवर काठी ठोकून बघितली, खिडकीतून डोकावला, माळवदावर जाऊन आला.

"ईरप्पा, गिऱ्हाईक हाय. गिरणीतला मोठा कारकून. घर द्यायचं का?" आणि त्यानं आकडा सांगितला.

ईरप्पाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. गेल्या उन्हाळ्यात घराची जी किंमत लोक सांगत होते, तिच्या हा दुप्पट होता.

"इकायचं न्हाय," तो म्हणाला, पण छाती फुगली. चन्नवीर गेल्यावरही तो सोप्यात येरझारा घालत राहिला. दुप्पट! आपल्या हातांनी! चुना, माती आणि फुटके तुकडे! रत्नम्माला सांगायला तो आत धावला आणि अर्ध्या वाटेतच त्याचे पाय थबकले. गड्डा आठ दिवसांवर आला होता. शिवप्पा काका घर बघणार होते. घराची किंमत दुप्पट, म्हणजे थोरल्याला द्यायचा वाटाही दुप्पट.

त्यानं पाटावर बसून डोकं धरलं.

"काय झालं?" रत्नम्मानं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मग आता काय खिडकी बुजवायची?"

तिनं रागानं विचारलं होतं. पण ईरप्पानं मान वर केली. "बुजवायची न्हाय," तो हळूच म्हणाला. "झाकायची. दोन दिवसांचा तर प्रश्न."

"सख्ख्या भावाला फसवायचं?"

"फसवायचं कशाला? आप्पानं दिलं तसं घर दाखवायचं. ते काय खोटं हाय का?"

"मला इचारू नका. तुमचं घर, तुमचा भाऊ." आणि ती अळूला पाणी घालायला निघून गेली.

जत्रेच्या आदल्या दिवशी, तांबडं फुटायच्या सुमाराला ईरप्पा कामाला लागला. खिडकीवर गोणपाट ठोकलं. फरशीवर शेणाचा हात फिरवला, वर चटया टाकल्या, ज्वारीची दोन पोती आणून मधे उभी केली. पांढऱ्या भिंतींचं काय करावं सुचेना. शेवटी घरातल्या सगळ्या वाकळा आणि घोंगड्या दोरीवर टाकून त्यानं भिंती झाकल्या. परसाच्या दाराला कडी घातली. घर परत पहिल्यासारखं झालं. नव्हे, पहिल्यापेक्षा वाईट झालं. रत्नम्मानं त्याला कशालाही हात लावला नाही. गाडीची वेळ झाली तशी तिनं भर दिवसा चिमणी पेटवली आणि ती हातात धरून घरभर फिरू लागली.

"चिमणी कशाला?"

"मला दिसत न्हाय," ती म्हणाली.

मडिवाळप्पा आणि त्याची बायको गुरम्मा टांग्यातून उतरली. शिवप्पा काकाही वेळेवर आले. मडिवाळप्पा अंगानं आडवा, मनानं मोकळा माणूस. आत येताच त्यानं धाकट्याला मिठी मारली. गुरम्मानं दुसऱ्याच पावलाला पोत्यावर ठेच खाल्ली.

"अय्यो! रत्नम्मा, कसं दिवस काडतीस गं हितं? आमच्या कडब्याच्या खोपीत ह्याच्यापरीस उजेड हाय की!"

"असू दे," मडिवाळप्पा म्हणाला. "अंधार बगून मला बरं वाटलं. आप्पा गेलं, पर घर हाय तसंच ऱ्हायलंय."

शिवप्पा काका सोप्यात बसले ते नेमके दारांच्या रेषेत, आतल्या गोणपाटाच्या समोर. त्यांनी एकदा गोणपाटाकडं बघितलं, एकदा वाकळांकडं, आणि मिशीवरून बोट फिरवलं.

"काका, ईराला दोष देऊ नगा," मडिवाळप्पा मायेनंच म्हणाला. "त्येचा हात काट्यावर चालतोय, घरकामाला न्हाय. न्हानपणी आप्पानं येक खुंटी ठोकायला लावली, तर पठ्ठ्यानं भिंत सोडून स्वतःचा अंगठा ठोकला!"

गुरम्मा हसली, काका हसले. ईरप्पानंही हसायचा प्रयत्न केला, पण त्याचे कान तापले. तेवढ्यात रत्नम्मा चहा घेऊन आली. एका हातात तबक, दुसऱ्यात चिमणी. चिमणीच्या उजेडात त्याला तिचा हात दिसला. चुन्यानं उललेला, बोटांना भेगा पडलेला, नखांच्या कडेला अजून पांढरी रेघ. कडब्याच्या खोपीचं बोलणं तिनं ऐकलं होतं आणि ती एक शब्द बोलली नव्हती. खाली मान घालून ती गुरम्माला बशी देत होती.

ईरप्पा ताडकन उठला. आत गेला आणि दोन्ही हातांनी गोणपाट ओढलं. खिळे टणाटण उडाले. दुपारचं ऊन स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत आणि तिथून सोप्यापर्यंत धावत आलं.

"ही खिडकी," तो म्हणाला. त्याचा आवाज आडतीतला झाला होता. "ही तिनं आणली. हे भोक आमी दोघांनी पाडलं. आन् ह्या भिंती बगा!" त्यानं सोप्यात येऊन दोरी ओढली, वाकळा धडाधड खाली आल्या. एक मडिवाळप्पाच्या डोक्यावरच पडली. तो वाकळेखालून बाहेर येईपर्यंत ईरप्पानं चटया फेकल्या, पोती बाजूला ओढली, घागर ओतून शेण धुतलं आणि काठोकाठ भरलेली परात मधोमध ठेवली. "बगा! बगा वैनी, येक थेंब सांडतोय का! मी बसवलीय. ह्या हातांनी!"

परातीतलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. गुरम्मा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. ईरप्पानं परसाचं दार उघडलं, केळी दाखवल्या, नाली दाखवली, माळवदाकडं बोट केलं. मग त्याचा दम सरला.

"आली का बाहेर?" शिवप्पा काका खिडकीकडं बघत म्हणाले. "मी मगाधरनं हुडकतोय. रत्नम्मानं माज्याच वखारीतनं न्हेली ती. म्हणलं, बसवली कुटं पोरीनं?"

ईरप्पानं बायकोकडं बघितलं. रत्नम्मा भिंतीकडं बघत होती.

मडिवाळप्पानं डोक्यावरची वाकळ काढून नीट घडी केली. त्याचं हसू गेलं होतं. "येवडं सगळं केलंस. मग झाकून का ठेवलंस, ईरा?"

ईरप्पाला आता मागं फिरायला वाट नव्हती. "दलाल आला हुता, अण्णा. दुप्पट किंमत सांगून गेला. निम्मी तुला द्यायची म्हणून... भ्यालो मी. चुकलं माजं."

मडिवाळप्पा खाली बघत वाकळेच्या टाक्यांवरून बोट फिरवत होता.

"मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?" तो शेवटी म्हणाला.

ईरप्पा खाली वाकून पडलेल्या वाकळा गोळा करू लागला.

गुरम्मा मात्र व्यवहाराची. "ते समदं खरं," ती म्हणाली, "पर किंमत वाडली ती वाडली. वाटा तो वाटा. काय म्हणता, काका?"

शिवप्पा काका उठले, जोडे घातले आणि बाहेर पडून सरळ मल्लव्वाच्या घरात शिरले. पलीकडून भांडं पडल्याचा, मग मल्लव्वाच्या "कोण हाय?"चा, मग काकांच्या शिंकांचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या पटक्यावर कोळिष्टकं होती.

"तुमच्या आप्पानं काय ठेवलं, ते बगून आलो," खाली बसत ते म्हणाले. "दोन्ही घरं जुळी. मल्लव्वाच्या घराचा आज जो भाव, तोच आप्पाच्या घराचा भाव. त्येचं निम्मं मडिवाळाला. वरचं जे हाय ते आप्पानं ठेवलेलं न्हवं. ते ह्या दोघांच्या हातांनी आलं. वाटणी बापाच्या मालाची व्हती, भावजयीच्या कष्टाची न्हाय."

"पर काका," मडिवाळप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात आता थोडी गंमत परत आली होती. "भिंत आप्पाचीच. तिच्यातच खिडकी पाडलीया की."

"भिंतीचा भाव धरलाय. दगडं निगाली ती नालीला हाईत. पायजे तर निम्मी टांग्यात घालून न्हे. पर भोकाचा भाव काय धरू, तूच सांग!"

मडिवाळप्पा आधी गालात हसला, मग पोट धरून हसला. हसता हसता त्यानं ईरप्पाच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. लहानपणी घालायचा तसा. ईरप्पाला तो फार लागला, आणि फार बरं वाटलं.

"झालं," मडिवाळप्पा म्हणाला. "काकांनी सांगितलं ते मला मंजूर. गुरम्मा, तुला?"

गुरम्मा उत्तर द्यायच्या आत दारात मल्लव्वा येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, डोळे वटारलेले.

"शिवप्पा काका, ह्ये काय ऐकतीया मी? माजं घर म्हंजी वाईट घराचा नमुना हाय व्हय?"

"तसं न्हवं, मल्लव्वा..."

"तसंच! भिंत सामाईक हाय, मला समदं ऐकू येतंय!" मग ती रत्नम्माकडं वळली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "गड्डा झाला की माजीबी खिडकी पाडायची. तुजी पहार, तुजा नवरा, दोन्ही पायजेत."

"न्हे की," रत्नम्मा म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. हातातली चिमणी अजून पेटतीच होती. तिनं ती फुंकून विझवली आणि गव्हाची गोड हुग्गी वाढायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सगळी मिळून सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची, काठ्यांची मिरवणूक बघायला गेली. गर्दीत गुरम्मानं रत्नम्माचा हात घट्ट धरला होता. तळ्याच्या काठाशी आल्यावर ती कानाशी लागून म्हणाली, "खोपीचं बोलले, मनाला लावून घेऊ नगंस. खरं सांगू? आमचं सैपाकघर तुमच्या जुन्या घरापरीस काळं हाय. तू अक्कलकोटला कवा येतीस?"

मल्लव्वाच्या घराचं काम आटोपलं आणि माघात ईरप्पा-रत्नम्मा अक्कलकोटला गेली. मडिवाळप्पानं पहार, कुदळ, चुना, सगळं आणून ठेवलं होतं. जुना सदरा घालून तो स्वतः तयार होता. रत्नम्मानं काही घाई केली नाही. पदर खोचून ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली, चारी भिंतींवरून नजर फिरवली, बाहेर जाऊन शेजाऱ्याच्या परसातून भिंतीची मागची बाजू बघून आली, परत आत आली.

"अक्का, ही कणगी कवापास्नं हितं हाय?"

भिंतीला लागून माणसापेक्षा उंच कणगी होती, ज्वारीनं भरलेली. "आमी ह्या घरात आलो तवापास्नं," गुरम्मा म्हणाली. "वीस-बावीस वर्सं झाली असतील. आदीच्या घरमालकानं ठिवलेली. का गं?"

"आदी ही हलवायची."

अर्धा दिवस ज्वारी उपसण्यात गेला. मग दोघा भावांनी खांदा लावला, कणगी इंचाइंचानं सरकली, आणि मागं भिंतीत, जाळ्यांनी भरलेली पण अगदी धडधाकट, लाकडी झडपांची चांगली दोन हात रुंद खिडकी दिसली.

मडिवाळप्पा पहार हातात धरून तसाच उभा.

"शिवशिवा," गुरम्मा खाली बसत म्हणाली. "बावीस वर्सं मी धुरात डोळं चोळतीया!"

रत्नम्मानं कडी ओढली. झडपा कुरकुरल्या, धूळ उडाली आणि उजेड आत आला. बाहेर शेजाऱ्याची शेळी चरत होती. तिनं मान वर करून आत बघितलं, जरा विचार केला आणि खिडकीतून तोंड घालून सांडलेल्या ज्वारीचा एक घास उचलला. ईरप्पा आधी हसला, मग मडिवाळप्पा, आणि मग गुरम्माला इतकं हसू आलं, की शेळीला हाकलायचं कुणाला सुचलंच नाही.